२एचबीएस: सिकलच्या व्हॅलिनला शेजारीच सापडत नाहीये, कुठं चुकतंय?

पळसफूल | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोइन्फॉर्मेटिक्स, दुसरं वर्ष, नागपूर. प्रोजेक्टचा विषय हिमोग्लोबिनमधले अमिनो आम्लांचे आपसातले कॉन्टॅक्ट. हा विषय मीच मागून घेतला, कारण आमच्या घरात सिकल (सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. मावसभाऊ एसएस पॅटर्न (दोन्ही जनुकं सिकलची, म्हणजे आजारी), मी स्वतः एएस (एकच, म्हणजे वाहक). "एक अक्षर बदललं म्हणून होते हे" असं शाळेपासून ऐकत आले. ते अक्षर नेमकं कोणाला जाऊन चिकटते, ते एकदा स्वतःच्या डोळ्यानं पाहायचं होतं.

पीडीबीतून (प्रथिनांच्या रचनांचा जाहीर साठा) २एचबीएस ही फाइल घेतली (ऑक्सिजन सोडलेलं सिकल हिमोग्लोबिन, बारकावा २.०५ अँगस्ट्रॉम; एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). उघडली तर त्यात आठ चेन, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. हिमोग्लोबिन तर चार चेनचं असते (दोन अल्फा, दोन बीटा), म्हणून ए, बी, सी, डी ठेवल्या आणि बाकीच्या उडवल्या. मग पायथनमध्ये प्रत्येक अमिनो आम्लाचा सी-अल्फा (कण्यातला मधला कार्बन) घेऊन सगळ्या जोड्यांची अंतरं काढली. ८ अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर कॉन्टॅक्ट, नाहीतर नाही. नकाशा छान आला. हेलिक्सचे (चेनच्या पीळदार भागांचे) जाड पट्टे कर्णाच्या कडेनं दिसून राहिले.

आता अडचणी.

१) जनुकाच्या रिपोर्टात बदल "ग्लु७व्हॅल" असा लिहिलेला असतो, म्हणजे ७ नंबरच्या ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन. मी बीटा चेनमध्ये ७ नंबर पाहिला तर तिथं ग्लुटामेटच! मला वाटलं, फाइल नॉर्मल हिमोग्लोबिनची आहे की काय. पुस्तकात मात्र ६ नंबर लिहिलंय.

२) ६ नंबरला व्हॅलिन आहे, पण त्याचे कॉन्टॅक्ट फक्त २, ३, ९, १० असे घरातल्या घरात. पुस्तकात त्याचे शेजारी म्हणून सांगितलेले फिनाइलअ‍ॅलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ कुठंच नाहीत.

३) गाइड म्हणाले कटऑफ वाढवून पाहा. १२ केला तर अर्धी चेन अर्ध्या चेनला चिकटली, तरी ८५ आलंच नाही!

दोन आठवडे झाले, हेच करून राहिली. वायवा ११ दिवसांवर आहे. कोणी सांगेल का?

---

खडूफळा | मंगळवार, सकाळी ७:१५

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पेशीत साखळी बनायला सुरुवात होते ती मेथिओनिनपासून. तो नंतर छाटला जातो. रिपोर्टवाले त्याला धरून मोजतात, म्हणून ७. स्फटिकवाले (प्रथिनाचा स्फटिक करून रचना काढणारे) हातात आलेल्या प्रथिनापासून मोजतात, म्हणून ६. साखळीची सुरुवात अशी: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामेट, ग्लुटामेट, लायसिन. म्हणजे नॉर्मल माणसात ६ आणि ७ दोन्हीकडे ग्लुटामेटच बसलेत. नॉर्मल फाइलवर काम करताना तुम्ही एक घर चुकला असतात तर कळलंही नसतं. २एचबीएस होती म्हणून वाचलात.

बाकीच्या प्रश्नांसाठी स्फटिकवाले काका येतीलच. मी शाळेत केमिस्ट्री शिकवतो, माझी धाव इथपर्यंत.

---

जुना_स्फटिकवाला | मंगळवार, दुपारी २:०५

आलो. जेवून निवांत लिहितोय, त्यामुळे लांबेल.

पळसफूल, तुमची स्क्रिप्ट बरोबर आहे. गणित बरोबर, नकाशा बरोबर. ज्या चार चेन तुम्ही उडवल्यात, तुमचा शेजारी त्यांच्यात होता. तुम्ही १२ काय, २० कटऑफ लावला असतात तरी तो आला नसता. घरातून हाकलून दिलेला माणूस घरात शोधताय.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण याच चुकीवर माझी पीएचडी झाली आहे, थोडं वेगळ्या अर्थानं.

स्फटिक म्हणजे रेणूंची शिस्तीत लावलेली थप्पी. थप्पीत प्रत्येक रेणू शेजाऱ्याला कुठे ना कुठे टेकतोच. हे टेकणं बहुतेक वेळा निव्वळ थप्पीमुळे असतं, पेशीत त्याला काही अर्थ नसतो. आमचे गाइड म्हणायचे, "शेजाऱ्याच्या भिंतीला सायकल टेकवली म्हणून सोयरीक होत नाही." आम्ही इमानेइतबारे सगळे स्फटिकी कॉन्टॅक्ट बाजूला काढायचो. माझ्या प्रबंधात त्यांना एक परिशिष्ट दिलं होतं, ते परीक्षकांनीही उघडलं नाही.

सिकलच्या बाबतीत मात्र ती टेकलेली सायकलच मुद्देमाल आहे. इथं आजार रेणूच्या आत नाहीच. एक हिमोग्लोबिन एकटं घेतलंत तर सिकलचं आणि नॉर्मलचं जवळजवळ सारखंच दिसतं. ऑक्सिजन सोडल्यावर एका रेणूचं व्हॅलिन ६ दुसऱ्या रेणूच्या बीटा चेनवरच्या खिशात जाऊन बसतं, आणि त्या खिशाच्या भिंती म्हणजे तुमचे फिनाइलअ‍ॅलनिन ८५ आणि ल्युसिन ८८. असे रेणू एकापुढे एक लागून दोन पदरांची साखळी होते. विशनर, लव्ह वगैरे मंडळींनी १९७५ साली हीच दुपदरी रचना स्फटिकात पाहिली. रक्तपेशीत अशा ७ जोड्या, म्हणजे १४ धागे, एकमेकांभोवती पीळ घेतात आणि पेशीला आतून ताणून विळ्यासारखं करतात.

२एचबीएसमध्ये आठ चेन का, ते आता लक्षात आलं असेल. ते दोन अख्खे हिमोग्लोबिन आहेत, दुपदरीच्या दोन पदरांतला एकेक. "एक हिमोग्लोबिन म्हणजे चार चेन" या शहाणपणानं तुम्ही दुसरा पदर कापून टाकलात. चूक म्हणावी तर चूक, पण सगळे असंच शिकवतात.

आता कटऑफबद्दल. सी-अल्फा ८ अँगस्ट्रॉम हे माप चेन कशी घडी घालते हे पाहायला ठीक आहे. रचना ओळखण्याच्या कॅस्प स्पर्धेत सी-बीटा (बाजूच्या साखळीतला पहिला कार्बन) ८ धरतात आणि ग्लायसिनला सी-बीटाच नसल्यानं त्याचा सी-अल्फा घेतात. पण तुम्हाला कोण कोणाला चिकटलंय ते पाहायचंय, आणि चिकटतात ती टोकं. फिनाइलअ‍ॅलनिनचा सी-अल्फा एकीकडे आणि कड्याचं टोक तिथून ५ अँगस्ट्रॉमवर. लायसिन ताठ उभं केलं तर त्याचा नायट्रोजन सी-अल्फापासून ६ च्या पुढे जातो. म्हणजे दोघांचे हात घट्ट धरलेले आणि तुम्ही मोजताय खांद्यापासून खांद्यापर्यंत. उलटही होतं: दोन सी-अल्फा ७ वर, पण बाजूच्या साखळ्या, म्हणजे अमिनो आम्लांचे हात, एकमेकींकडे पाठ करून. तो कॉन्टॅक्ट नव्हे, पण यादीत येतो.

म्हणून हायड्रोजन सोडून बाकी सगळे अणू घ्या. दोन अमिनो आम्लांमधली कुठलीही अणुजोडी ४.५ च्या आत आली तर कॉन्टॅक्ट. ४.५ का? दोन कार्बन एकमेकांना आरामात टेकतात तेव्हा त्यांची केंद्रं साधारण ३.४ ते ४ वर असतात. त्यात थोडी ढील दिली. बंगळुरूच्या आयआयएससीत सरस्वती विश्वेश्वरा यांच्या गटानं प्रथिनांची जाळी बांधताना ४.५ हाच आकडा वापरला, आणि नुसतं हो-नाही न ठेवता ४.५ च्या आत किती अणुजोड्या आहेत ते मोजून, अमिनो आम्लाच्या आकारमानानं भागून कॉन्टॅक्टला वजन दिलं. तुम्हीही वजन द्या. एका अणूनं ओझरता स्पर्श करणारा आणि मांडीला मांडी लावून बसलेला, दोघांना एकच मार्क देऊ नका.

खालच्या बाजूलाही पहारा ठेवा. रामचंद्रन यांनी १९६३ साली मद्रासला जो प्रसिद्ध आलेख काढला, तो याच कॉन्टॅक्टच्या हिशेबावर. बंध नसलेले दोन कार्बन ३.२ च्या आत येऊ द्यायचे नाहीत, फारच ओढाताण झाली तर ३.०. तुमच्या यादीत कार्बन-कार्बन २.४ असलं काही निघालं तर शोध लावला असं समजू नका. एकाच अमिनो आम्लाच्या दोन पर्यायी ठेवणी फाइलमध्ये असतात आणि तुम्ही दोन्ही वाचलेल्या असतात. पीडीबी फाइलचा १७ वा रकाना बघा, तिथं ए, बी अशी अक्षरं असतील तर एकच ठेवा. आणि फाइल मोकळ्या जागेवर तोडून वाचत असाल तर ते आजच थांबवा. ती रकान्यांची फाइल आहे, चेनचं अक्षर २२ वर आणि नंबर २३ ते २६. मोठ्या रचनांत चेन आणि नंबर एकमेकांना चिकटतात आणि स्क्रिप्ट गप्प राहून चुकीचं वाचते.

शेवटचं. स्क्रिप्टवर विश्वास ठेवण्याआधी तिला उत्तर माहीत असलेला प्रश्न घाला. नॉर्मल डीऑक्सी हिमोग्लोबिन २एचएचबी घ्या. त्यात बीटाच्या शेवटच्या हिस्टिडिन १४६ चा हात त्याच चेनच्या अ‍ॅस्पार्टेट ९४ ला धरलेला असतो, हिमोग्लोबिनची रचना काढणाऱ्या पेरुट्झनी दाखवलेला मिठाचा पूल (विरुद्ध विद्युतभारांची ओढ). तुमच्या यादीत तो आला पाहिजे. मग ऑक्सिजन धरलेलं १एचएचओ घ्या, तिथं तो तुटलेला दिसला पाहिजे. दोन्ही जमलं तरच २एचबीएसकडे वळा.

अवांतर: आमच्या वेळी हे ग्राफिक्स टर्मिनलवर डायल फिरवत एकेक अंतर वहीत उतरवायचो. टर्मिनल एक आणि उमेदवार सहा. रात्री २ ते ४ ची पाळी मिळायची.

---

पळसफूल | बुधवार, पहाटे १:२०

काका, सापडला!!

आधी तुम्ही सांगितलेली परीक्षा घेतली. २एचएचबीत १४६ आणि ९४ आले, १एचएचओत नाही आले. मग आठही चेन घेऊन ४.५ लावलं. मी फक्त वेगवेगळ्या टेट्रामरमधल्या (चार चेनच्या अख्ख्या रेणूंमधल्या) जोड्या छापायला सांगितल्या. यादीत व्हॅलिन ६ आणि समोरच्या बीटाचे ८५, ८८. मी हॉस्टेलच्या व्हरांड्यात जाऊन उगाच दोन चकरा मारून आले.

मग पायमॉलमध्ये (रेणू फिरवून पाहायचं सॉफ्टवेअर) तेवढंच ठेवून बाकी सगळं लपवलं. व्हॅलिनची बाजूची साखळी म्हणजे तीन कार्बनचं बेचकं, बस. तेवढं बेचकं त्या फिनाइलच्या कड्यात आणि ल्युसिनच्या फांदीत जाऊन रुतलेलं. पाण्याचा एकही रेणू मधात नाही. मी तासभर नुसती फिरवून पाहत होती. एवढ्याशा तीन कार्बनसाठी माझ्या भावाला दर पावसाळ्यात सलाइन लागते.

पण एक शंका. फाइलमध्ये बीटा चेन चार, म्हणजे व्हॅलिन ६ पण चार. खिशात गेलेलं एकच सापडलं. बाकीच्या तिघांचं काय? स्क्रिप्ट अजूनही चुकतेय का?

आणि मला तुम्ही-तुम्ही नका म्हणू, मी २२ ची आहे.

---

जुना_स्फटिकवाला | बुधवार, सकाळी ९:५०

शाब्बास. तू विचारलेला प्रश्न परीक्षकांनी विचारायचा होता.

एका रेणूत व्हॅलिन ६ दोन असतात, पण दुसऱ्या पदराच्या खिशात त्यातलं एकच जातं. दुसरं या कामात रिकामं. म्हणजे चारातली दोन आपोआप बाद. राहिलं एक. फाइलमध्ये स्फटिकाचा फक्त न पुनरावृत्त होणारा तुकडा असतो. फरशीच्या नक्षीतली एक फरशी समज. काही वेली फरशीच्या कडेला तुटलेल्या दिसतात, त्या पुढच्या फरशीत चालू होतात. या राहिलेल्या व्हॅलिनचा शेजारी असाच पुढच्या फरशीत आहे. पायमॉलमध्ये सिमेट्री मेट्स (आजूबाजूच्या फरशांतल्या प्रती) काढ, ४ किंवा ५ अँगस्ट्रॉमच्या आतले, आणि मग परत शोध. पदराची लांबी कशी वाढत जाते तेही त्यात दिसेल.

---

दुर्गम_लॅब | बुधवार, रात्री ९:३०

मला कॉन्टॅक्ट मॅप वगैरे कळत नाही, पण धागा दोनदा वाचला. मी नंदुरबारकडे ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन. रोज सिकलच्या सोल्युबिलिटी टेस्ट लावते. शाळा तपासणी असली की दिवसाला शंभराच्या वर.

तुमचं ते बेचकं मी रोज बघते, फक्त मला ते गढूळ दिसतं. नळीत बफर असतं, त्यात डायथायोनाइट. बोटाचं एक थेंब रक्त टाकायचं, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, नळी दुधाळ होऊन रेघा गेल्या तर पॉझिटिव्ह. डायथायोनाइट ऑक्सिजन ओढून घेतं एवढं शिकवलं होतं. ऑक्सिजन गेल्यावर रेणू एकमेकांच्या खिशात जातात म्हणून गढूळ होतं, हे नोकरीला लागून १४ वर्षांनी आज कळलं. एएस आणि एसएस दोन्ही गढूळच येतात, वेगळं करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीला पाठवावं लागतं.

माझा एक प्रश्न. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची टेस्ट निगेटिव्ह आली तरी धरायची नाही, पुढे बाळ एसएस निघू शकतं, असं आम्हाला सांगतात. आईबाप विचारतात की रक्त तेच, मग आता का नाही दिसत? मी सांगते की बाळात लहानपणीचं हिमोग्लोबिन जास्त असतं. पण ते का नाही चिकटत?

---

जुना_स्फटिकवाला | गुरुवार, सकाळी ८:१०

ताई, या धाग्यातला सर्वात चांगला प्रश्न तुमचा. उत्तर पळसफूलच्याच यादीत दडलंय.

बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा चेन असते. पहिली गोष्ट, गॅमात ६ नंबरला व्हॅलिन नाही, ग्लुटामेट आहे, त्यावर विद्युतभार, तो तेलकट खिशात कशाला शिरेल? पण नुसतं एवढंच असतं तर गॅमा म्हणजे फक्त गर्दीत उभा राहिलेला बघ्या झाला असता. तो तर मोडता घालतो. खिशाच्या काठावर, ८५ आणि ८८ च्या मधोमध, ८७ नंबर आहे. बीटात तिथं थ्रिओनिन, लहानसं. गॅमात तिथं ग्लुटामिन, लांब हाताचं. तो हात काठावर आडवा येतो. एक बीटा आणि एक गॅमा असा मिश्र रेणू साखळीत नीट लागतच नाही, म्हणून साखळी वाढायची थांबते.

हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलचा मुख्य उपयोगही इथंच, ती हे बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते. आणि अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ ला सिकलवरच्या ज्या दोन जनुकीय उपचारांना परवानगी मिळाली, त्यातल्या एकात रुग्णाला जी बीटा चेन देतात तिच्यात मुद्दाम ८७ नंबरचं थ्रिओनिन काढून ग्लुटामिन घातलेलं आहे. म्हणजे बाळाची युक्ती मोठ्या माणसाच्या चेनमध्ये शिवली. त्या उपचाराची किंमत इथं लिहीत नाही, सकाळी सकाळी कशाला.

पळसफूल, ८७ च्या कॉन्टॅक्टची यादी वेगळी काढ. प्रबंधात स्वतंत्र अर्धं पान होईल. ७३ चीही काढ. समोरच्या चेनच्या थ्रिओनिन ४ शी अ‍ॅस्पार्टेट ७३ चं नातं आहे. हिमोग्लोबिनच्या कोर्ले-बू नावाच्या प्रकारात ७३ बदललेलं असतं आणि ते सिकलच्या चिकटण्यात खोडा घालतं. एकाच खिशाभोवती तीन वेगळ्या जागा, आणि तिन्ही ठिकाणी निसर्गानं किंवा माणसानं बदल करून पाहिलाय. असं तयार उदाहरण फार कमी प्रथिनांत मिळतं.

---

दुर्गम_लॅब | गुरुवार, दुपारी १:००

धन्यवाद सर. "काठावर हात आडवा येतो" हे मी आता आयांना असंच सांगणार. मला ८७ वगैरे लक्षात राहणार नाही, हात राहील.

---

खडूफळा | गुरुवार, दुपारी ४:२५

अकरावीच्या वर्गात उद्या हेच. सोल्युबिलिटीची रिकामी नळी आणि रेघांचा कागद कुठे मिळेल, ताई? व्यनि करतो.

---

पळसफूल | १३ दिवसांनंतर, रात्री १०:०५

वायवा झाली. उशीर झाला लिहायला, परीक्षेनंतर गावाला गेली होती.

सिमेट्री मेट्स काढल्यावर राहिलेलं व्हॅलिन पण खिशात दिसलं, काका म्हणाले तसंच. ८७ आणि ७३ ची पानं जोडली. बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कटऑफ ४.५ च का? ४.४ का नाही?" मला आधी घाम फुटला. पण मी काकांचं वाचून आधीच ४.० पासून ५.० पर्यंत ०.१ च्या पायरीनं सगळं परत चालवून ठेवलं होतं. कोणत्या जोड्या शेवटपर्यंत टिकतात आणि कोणत्या काठावर येऊन-जाऊन करतात त्याचा तक्ता होता. म्हटलं, सर, पान ३१ पाहा, ८५ आणि ८८ कुठंच हलत नाहीत. त्यांनी पान उघडलं, चष्मा वर केला आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

भावाला गावी लॅपटॉपवर ते बेचकं दाखवलं. तो दहावीला आहे. त्यानं माउसनं चार वेळा गरागरा फिरवलं, मग विचारलं, "हे काढून नाही टाकता येत का मंग?" मी त्याला ८७ चं सांगत बसली तर मावशीनं जेवायला हाक मारली. कॅप्सूल घेतली का, हे पण तिनंच विचारलं. घेतली नव्हती.